जुन्या तंबोऱ्याच्या तबलीला भेग गेलीय? ग्वाल्हेरच्या हवेत ती कशी आणि कधी जोडायची

सगळ्यात आधी हे सांगते, मे महिन्यात भेग दिसली म्हणून मे महिन्यातच सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात तो सुतारी गोंद) घेऊन बसू नका. आपल्याकडे त्या दिवसांत पारा ४५ च्या पुढे जातो, लू वाहत असते, हवेत ओल नावालासुद्धा नसते, आणि लाकूड आडवं आकसतं. उभं, म्हणजे रेषांच्या दिशेने, जवळजवळ आकसतच नाही, म्हणून तर भेग नेहमी रेषेच्या बाजूनेच पळते. आता तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली पातळशी फळी, चारी कडांनी चिकटवून टाकलेली, तिला आकसायला जागाच नाही, मग ती फाटते. जुलैत पाऊस लागला की तीच भेग मिटते आणि घरातले खूष, बघा आपोआप बरा झाला तंबोरा. बरा वगैरे काही नाही, लाकूड फुगलंय फक्त, पुढच्या उन्हाळ्यात भेग परत तिथेच आणि बोटभर लांब.

त्यामुळे उन्हाळ्यात एवढंच करायचं, की भेगेच्या दोन्ही टोकांशी कागदी टेपचा छोटा तुकडा लावून ठेवायचा, तारा थोड्या उतरवायच्या, गवसणी घालून आतल्या खोलीत ठेवायचा. कूलरसमोर नाही हं! दिवसभर ओला वारा, रात्री लाइट गेली की कोरडा, यात नवा तंबोरासुद्धा टिकणार नाही. पावसाळ्यात परत बघा. भेग पूर्ण मिटली, नख अडकत नाही, तर नुसत्या सरसाचं काम आहे. भर पावसातही फट दिसतेय तर लाकूड कायमचं आकसलंय, तिथे कपची, म्हणजे लाकडाची पातळ चीप, बसवावी लागणार. आणि हात घालायचा तो दसरा-दिवाळीच्या मधे, तेव्हा हवा ना फार ओली ना कोरडी, म्हणजे डिसेंबरात तानसेन समारोह येईपर्यंत तंबोरा परत वाजता होतो.

भेग लाकडाची आहे की नुसती पॉलिशची, हे बघून घ्या. जुन्या लाखेच्या पॉलिशला बारीक जाळी पडते, ती रेषांना आडवीतिडवी कशीही जाते, तिच्याने काही बिघडत नाही. लाकडाची भेग रेषेबरोबर सरळ जाते, आणि एका बाजूला अंगठ्याने अगदी हलकं दाबलं की ती बाजू खाली जाते, दुसरी जात नाही. बोटाच्या पेराने टकटक केलं तर तिथे फुटका आवाज येतो.

आणि भेग घोडीच्या (तबलीवर तारा जिच्यावरून जातात ती) खालून जात असेल, किंवा गळ्याच्या सांध्यात असेल, किंवा भोपळाच तडकला असेल तर इथेच थांबा. गिटारला पुढे मोठं भोक असतं, त्यातून हात घालून भेगेखाली आडव्या चकत्या चिकटवता येतात, तंबोऱ्याला तशी वाटच नाही, तबली उचकटावी लागते आणि ते कारागिराचं काम आहे. चारही तारांचा दाब घोडीवरून तबलीवर येतो, तिथे वरवरचा सरस टिकत नाही. मिरजेला पाठवायचं म्हटलं तर प्रवास लांबचा आहे खरा, पण तिथे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅगपण, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला), नाहीतर जवळपास सतार दुरुस्त करणारा माहितीतला असेल तर त्याला दाखवा. खाली लिहिते ते घोडीपासून लांबच्या, कडेच्या भेगेसाठी.

तारा एकदम सोडायच्या नाहीत, चारही थोड्या थोड्या, आळीपाळीने. घोडी चिकटवलेली नसली तर तार सैल झाली की सरकते, म्हणून तिच्या चारी बाजूंना आधीच टेप लावून जागा पक्की करा, आणि ज्वारीचे दोरे (तारेला गुंजन यावं म्हणून घोडीवर तारेखाली घालतो ते) आणि सूर बारीक लावायचे मणी एका डबीत. यानंतर भेग साफ करायची, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. जुन्या टूथब्रशने धूळ काढा, हॅक्सॉ ब्लेडचा पातळ तुकडा घासून आत फिरवा, पण कडा खरवडू नका, त्या कडा एकमेकींत बसल्या तरच जोड दिसेनासा होतो. कुणीतरी आधी काहीतरी लावलेलं असणारच. तपकिरी, काचेसारखं तुटणारं असेल तर तो जुना सरस, कोमट पाण्याच्या फडक्याने विरघळतो. पांढुरकं, रबरासारखं ताणलं जाणारं असेल तर फेविकॉल, ते सगळं काढावं लागतं कारण त्याच्यावर नवा सरस धरत नाही. आणि घरोघरी एक आत्या असतेच जिने प्रेमाने भेगेत खोबरेल तेल सोडलेलं असतं, त्यासारखं वाईट काही नाही, तेल प्यायलेल्या लाकडाला काहीच चिकटत नाही. स्पिरिटने पुसावंसं वाटेल पण स्पिरिटने लाखेचं पॉलिश विरघळतं, तेव्हा कापसाच्या काडीवर थोडंसं घेऊन फक्त भेगेच्या आत.

आता सरस. दाणेदार किंवा वड्यांचा मिळतो, सुतारी सामानाच्या दुकानात विचारा. फेविकॉल का नाही, तर तो कायम ताणाखाली हळूहळू सरकतो, आणि पुढच्या माणसाला जोड उघडायचा असेल तर त्याचे हाल. फेविक्विक तर नकोच, चुकीचं चिकटलं की संपलं. सरस गरम पाण्याने कधीही सुटतो आणि सुकताना स्वतः आकसून जोड आवळून घेतो. रात्री थंड पाण्यात भिजत घालायचा, सकाळी फुगून जेलीसारखा होतो, मग भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवायचा, ६० डिग्रीच्या आसपास. उकळला की त्याची ताकद जाते आणि घरभर वास सुटतो तो वेगळाच. किती पातळ हवा, तर एकतारी पाकाच्या जरा अलीकडे.

सरस लावायच्या आधी एकदा कोरडी रंगीत तालीम करा. हाताच्या हलक्या दाबाने कडा जुळतात का? जोर लावून, करकचून बांधूनच भेग मिटत असेल तर चिकटवू नका, तो ताण दुसरीकडे जाईल आणि शेजारी नवी भेग काढेल. अशा भेगेला कपची.

जुळत असेल तर हेअर ड्रायरने जागा कोमट करून घ्या, कारण सरस मिनिटाभरात गोठायला लागतो, थंडीत त्याहून लवकर. सरस पातळ ब्रशने किंवा इंजेक्शनच्या जाड सुईने भेगेवर सोडा आणि एक बाजू अंगठ्याने खाली-वर, खाली-वर हलवत राहा म्हणजे तो आत ओढला जातो. भेगेच्या पूर्ण लांबीवर सरस वर आला की कडा सारख्या करा, कोमट ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि कागदी टेपच्या पट्ट्या ताणून भेगेवर आडव्या लावा, दोन दोन बोटांवर एक. भोपळ्याभोवती सायकलची ट्यूब आवळायची आयडिया बरेच जण सांगतात, दांडीला ती उत्तम आहे पण भोपळ्याला नाही, वाळलेली फळाची साल आहे ती, तडकेल. पूर्ण दिवस हात लावायचा नाही. टेप काढताना सावकाश, भेगेच्या दिशेने, नाहीतर जुनं पॉलिश टेपबरोबर निघून येतं.

कपचीचं काम तेच, फक्त जास्त चिकाटीचं. तूणचं जुनं वाळलेलं लाकूड घ्या, रेषा भेगेच्याच दिशेने, खाली निमुळती अशी लांब पातळ कपची तासा. ती बोटाने दाबून बसली पाहिजे, हातोडीने नाही. सरस लावून बसवा, दोन दिवसांनी वर आलेला भाग धारदार पटाशीने तबलीबरोबर करा. लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरणारे लोक आहेत, ते दिसतंही वाईट आणि दोन उन्हाळ्यांत गळून पडतं.

जाता जाता खुंट्यांबद्दल. उन्हाळ्यात शिसवी खुंटी आकसून घसरते, आपण ती जोर लावून आत रेटतो, पावसात ती फुगते आणि भोकाच्या कडेला तडा जातो. घसरली तर खडू लावा, अडकली तर कोरडा साबण, पण रेटू नका.

पॉलिश शेवटी. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या पुरचुंडीने पातळ पातळ हात द्या, फक्त जोडावर, पावसाळी दिवशी नाही कारण ओल धरून पांढरट पडतं. तारा चढवताना पहिले तीन-चार दिवस नेहमीच्या सुराच्या बरंच खाली ठेवा, रोज थोडं थोडं वर न्या आणि दर वेळी भेगेवरून नख फिरवून बघा. ज्वारी, म्हणजे तारेचं गुंजन, बदललेली वाटेल, घोडी केसभर जरी हलली तरी आवाज बदलतो, तेव्हा लगेच कानस घेऊन घोडी घासायला जाऊ नका, आधी टेपच्या खुणेवर नीट बसवा आणि दोरा मागेपुढे करून बघा.