गाडीच्या आतल्या पट्ट्यांवर खरं कार्बन फायबर कसं चढवायचं

कार्बन फायबरचं कापड प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते उन्हाळ्यात गाडीच्या आत टिकवणं. काचा बंद करून गाडी मे महिन्याच्या उन्हात उभी केली की डॅशबोर्डचा वरचा भाग ७० अंशांच्या पुढे सहज जातो. कापड चिकटवायचं साधं इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) घरच्या तापमानाला वाळलेलं असेल तर मात्र ५०-६० अंशांच्या आसपासच नरम पडायला लागतं. मग कापडाची वीण वरच्या चकचकीत थरातून उठून दिसते, कडा सुटतात आणि वर्षभरात पिवळटपणा येतो. म्हणून पट्टी निवडण्यापासून शेवटच्या क्लिअर कोटपर्यंतचा प्रत्येक निर्णय उन्हाचा हिशेब धरूनच घ्यायचा.

कोणती पट्टी घ्यायची

आधी पट्टी काढा आणि उलटी करून बघा. मागच्या बाजूला दोन कंसांच्या मधे प्लास्टिकचा प्रकार ठशात कोरलेला असतो. एबीएस किंवा पीसी-एबीएस असेल तर निर्धास्त पुढे जा. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर तिथेच थांबा. या प्लास्टिकला इपॉक्सी धरत नाही. वाळल्यावर अख्खा थर सालीसारखा निघून येतो. खास प्रायमर मारून पीपीवरही काम करता येतं म्हणतात, पण उन्हात रोज तापणाऱ्या भागासाठी तो भरवसा नको. अशा पट्टीला कार्बनच्या नक्षीचं चांगलं व्हाइनिल लावलेलं बरं.

स्टिअरिंगच्या मधला भाग, पॅसेंजरच्या समोरचं एअरबॅगचं झाकण आणि कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचांवर उघडणारी) असलेल्या गाडीतली खांबांवरची आवरणं यांना हातही लावू नका. एअरबॅग फुटते तेव्हा ते प्लास्टिक ठरलेल्या रेषेवर फाटायला हवं. वर कडक कापड बसलं तर ते फाटत नाही, किंवा तुकडे होऊन अंगावर येतं.

पहिल्या कामासाठी दारावरच्या काचेच्या बटणांच्या पट्ट्या, गिअरभोवतीची फ्रेम किंवा डॅशबोर्डवरची सपाट आडवी पट्टी घ्या. एसीच्या जाळ्या, खोल खाचा, क्रोमचा मुलामा असलेले भाग सोडून द्या. बटणांची पट्टी काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, आणि क्लिपा उचकटायला प्लास्टिकचीच पट्टी वापरा. स्क्रू-ड्रायव्हरने दाराच्या कव्हरवर ओरखडे पडतात आणि मग तेच पहिले नजरेत येतात.

सामान

चारही दारांच्या बटणपट्ट्या, गिअरची फ्रेम आणि एक आडवी पट्टी मिळून साधारण पाव चौरस मीटर क्षेत्र होतं. त्याला एक मीटर रुंद पन्ह्याचं एक मीटर कापड भरपूर झालं. कापड २०० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचं, ३के धाग्याचं (एका धाग्यात तीन हजार तंतू), २ बाय २ ट्विल म्हणजे तिरक्या रेषांच्या विणीचं घ्या. चौकटीसारखी दिसणारी प्लेन वीण वळणांवर बसत नाही, ट्विल बसते.

रेझिन पारदर्शक, कमी घट्ट आणि थर देण्यासाठी बनवलेलं इपॉक्सी हवं. पाव चौरस मीटरला काळा थर ५० ग्रॅम, वरचे तीन-चार थर प्रत्येकी ६० ग्रॅम, शिवाय कपात आणि ब्रशवर वाया जाणारं, असा हिशेब करून अर्ध्या किलोचा संच घ्या. 'फायबरचं रेझिन' म्हणून हार्डवेअरच्या दुकानात जे मिळतं ते बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतं. ते इथे चालत नाही: आकसतं, आणि त्यातलं स्टायरीन एबीएसला खातं.

बाकी इपॉक्सीत मिसळायची काळी पेस्ट, सोनाराच्या कामाचा ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा, कागदी कप, दीड-दोन इंची मऊ ब्रश, नायट्राइल हातमोजे, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मास्किंग टेप, धारदार कात्री, ब्लेडचा कटर, बारीक कानस, १२० ते २००० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर आणि घासताना तोंडावर एन-९५ मास्क. घरच्या कात्रीची धार कार्बनच्या धाग्यावर लवकर जाते, म्हणून वेगळी ठेवा.

पट्टी तयार करणं

पट्टी साबणाने धुऊन वाळवा. तिच्यावर डॅशबोर्ड पॉलिश मारलेलं असेल तर त्यातलं सिलिकॉन ही मोठी कटकट आहे: रेझिन जागोजागी गोल गोल सरकतं आणि मधे उघडे डोळे राहतात. घासण्याआधीच अल्कोहोलने दोनदा पुसा, प्रत्येक वेळी कपडा नवा. आधी घासलं तर तेच सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसतं.

काही गाड्यांच्या पट्ट्यांवर रबरासारखा मऊ लेप असतो. तो दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतो. तो पूर्ण काढायलाच हवा, कारण रेझिन लेपाला धरेल आणि लेप प्लास्टिकला सोडेल. मग १२० नंबरने सगळी चमक जाईपर्यंत घासा, कडांवर आणि कोपऱ्यांत जास्त. धूळ पुसायला पुन्हा अल्कोहोलच. थिनर किंवा ॲसिटोनने एबीएस विरघळतं.

मागच्या क्लिपा आणि स्क्रूची भोकं मास्किंग टेपने झाका. पट्टी लाकडाच्या ठोकळ्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने उंच बसवा, म्हणजे कडा हवेत राहतील आणि ओघळ खाली गळून पडतील.

काळा थर आणि कापड

रेझिन आणि हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच, आणि प्रमाण वजनाचं दिलं असेल तर वजनानेच घ्या. हार्डनर जास्त टाकला की लवकर वाळेल, ही पॉलिएस्टरच्या कामातून आलेली सवय. इपॉक्सीत जास्तीचा हार्डनर तसाच राहतो आणि थर कायमचा मऊ पडतो. दोन-तीन मिनिटं कडा खरवडत ढवळा, मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या कपाच्या कडेला चिकटलेलं न मिसळलेलं रेझिन थरात गेलं, तर तिथे चिकट डाग कधीच वाळत नाही. एका वेळी ५०-६० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. कपात साठून राहिलेलं रेझिन स्वतःच्या उष्णतेने तापतं आणि धूर काढायला लागतं.

पहिल्या थरात वजनाच्या पाच टक्के काळी पेस्ट टाका. विणीच्या फटींतून खालचं करडं किंवा बदामी प्लास्टिक दिसू नये म्हणून ती. थर पातळ आणि सारखा मारा. मग थांबा. हातमोजा घातलेलं बोट टेकवल्यावर ठसा उमटतो, चिकटल्यासारखं वाटतं, पण बोटाला काळं लागत नाही, हा कापड टाकायचा क्षण. २५ अंशांना हार्डनरप्रमाणे दोन ते चार तास लागतात. त्याआधी टाकलं तर काळं रेझिन विणीतून वर येतं. उशीर झाला तर कापड धरतच नाही.

दरम्यान कापड कापून ठेवा. पट्टीपेक्षा सगळीकडून ४-५ सेंटिमीटर जास्त. कापायच्या रेषेवर मागून मास्किंग टेप लावा आणि टेपच्या मधोमध कापा, नाहीतर कडेचे धागे उसवत जातात. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: ट्विलच्या तिरक्या रेषांची दिशा. डाव्या आणि उजव्या दाराच्या रेषा एकमेकींच्या आरशासारख्या दिसायला हव्या असतील, तर एका बाजूचा तुकडा ९० अंशांत फिरवून कापा. सगळे तुकडे कापडावर आधी मांडून, मागे टेपवर 'डावं पुढचं', 'उजवं पुढचं' असं लिहून ठेवा.

कापड मधोमध ठेवा आणि तिथून बाहेरच्या बाजूला दाबत जा. ओढू नका, ओढलं की रेषा वाकतात आणि त्या वाकलेल्या रेषा पुढे चकचकीत थराखाली दुप्पट दिसतात. आतल्या वळणावर आधी दाबा, मग बाहेरच्या. उलट केलं तर खाचेवर कापड पुलासारखं ताणून राहतं आणि खाली हवा राहते. तीव्र कोपऱ्यावर बसतच नसेल तर तुकडा ४५ अंशांत तिरका कापून बघा, तिरक्या कापडाला ताण जास्त घेता येतो. तरीही नाही, तर न दिसणाऱ्या कडेकडून छोटी चीर द्या.

बटणांच्या भोकांवरून कापड सरळ जाऊ द्या. ते आत वळवायचं नाही, कारण कापड आणि रेझिन मिळून जाडी पाऊण ते एक मिलिमीटर वाढते आणि बटण अडकतं.

पारदर्शक थर

काळा थर पक्का झाला की पहिला पारदर्शक थर. ब्रशने ओढत नेण्याऐवजी टोकाने ठोकत जा, म्हणजे रेझिन विणीत उतरतं आणि हवा वर येते. बुडबुड्यांवरून हॉट एअर गन २०-२५ सेंटिमीटर अंतरावरून पटकन फिरवा. एका जागी धरली तर रेझिन उकळून आणखी बुडबुडे येतात. अर्ध्या तासाने खालच्या कडेला लोंबणारे थेंब ब्रशने टिपून घ्या.

पुढचा थर आधीचा चिकट असतानाच दिला की मधे घासायची गरज पडत नाही. रात्र गेली आणि पूर्ण वाळला, तर मात्र २४० नंबरने मंद होईपर्यंत घासूनच पुढचा द्या. एकूण तीन थर किमान. खोल विणीला चार. पहिल्या थरानंतर पाच-सात तासांनी, रेझिन चामड्यासारखं झालेलं असताना जास्तीचं कापड कटरने कडेला लावून कापा. पूर्ण कडक झाल्यावर हेच काम करवत आणि कानशीवर जातं.

हवेकडे लक्ष द्या. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये: दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा तेलकट पापुद्रा येतो किंवा थर दुधी पडतो. पापुद्रा आलाच तर कोमट पाणी आणि स्क्रबरने धुऊन मगच घासा. आधी घासला तर तो पेपरला चिकटून पसरतो. विदर्भातल्या मे महिन्यात अडचण उलटी: ४० अंशांना कालवलेलं रेझिन दहा मिनिटांत घट्ट होतं. तिथे पहाटे काम करा आणि रेझिन रुंद, उथळ भांड्यात ठेवा. थंडीत बाटली कोमट पाण्यात ठेवली की रेझिन पातळ होतं.

शेकणं

हीच पायरी लोक गाळतात, आणि पहिल्याच उन्हाळ्यात वीण उठून येते. दोन दिवस साध्या तापमानाला वाळल्यावर, शेवटची घासाई करण्याआधी, पट्ट्या शेकायच्या: ४० अंशांना दोन-तीन तास, ५० ला दोन-तीन, मग ६० ला पाच-सहा, आणि थंड होऊ द्यायच्या खोक्यातच. एकदम तापवलं तर अर्धवट पिकलेलं रेझिन नरम पडतं. ६० च्या फार वर नेलं तर पट्टीच वाकायची भीती. जुना पिवळ्या उजेडाचा १०० वॅटचा बल्ब, मोठं पुठ्ठ्याचं खोकं आणि आत सोडलेला थर्मामीटर एवढ्यात भागतं. बल्ब पुठ्ठ्यापासून वीतभर तरी लांब आणि कुणीतरी समोर बसलेलं. ओव्हन स्वयंपाकाचा असेल तर तो यासाठी वापरू नका.

शेकल्यावर वीण थोडी उठलेली दिसेल. ती आत्ता दिसली हे चांगलं, कारण आता ती घासून सपाट करता येते.

घासाई आणि क्लिअर

पाणी लावून, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या २४० नंबरने सुरुवात करा. पाणी दुधासारखं पांढरं निघत असेल तोवर ठीक. करडं-काळं दिसलं की तुम्ही कापडापर्यंत पोचलात. लगेच थांबा आणि तिथे आणखी एक थर द्या. कडांवर हे सगळ्यात आधी होतं, म्हणून कडा शेवटी आणि हाताने. बटणांची भोकं कानशीने मोकळी करताना कानस पुढून मागे ढकला. मागून पुढे ओढली तर कापड पट्टीपासून सुटतं. सुकी घासाई टाळा: कार्बनची धूळ अंगाला खाजते, आणि ती वीजवाहक असल्यामुळे बटणांच्या सर्किटमध्ये जाता कामा नये.

मग ४००, ६००, ८००, आणि वर अतिनील किरण रोखणारा टू-के पीयू क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेनचा पारदर्शक कोट. इपॉक्सी कितीही 'नॉन-यलोइंग' लिहिलेलं असलं तरी क्लिअरशिवाय ते उन्हात पिवळं पडतं. क्लिअरच्या हार्डनरमध्ये फुप्फुसांना घातक असं आयसोसायनेट असतं. त्याची फवारणी घरात करू नका, गॅरेजच्या पेंटरकडून बूथमध्ये दोन-तीन कोट मारून घ्या. पुढच्या काचेजवळच्या पट्टीला मॅट क्लिअरच सांगा. चकचकीत पट्टीचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि दुपारी समोरचं दिसेनासं होतं. चकचकीत हवी तिथे आठवड्याने १५००, २००० आणि रबिंग कंपाउंड.

परत बसवताना

मागच्या क्लिपांवर सांडलेलं रेझिन ब्लेडने खरवडा. पट्टी दाबून बसत नसेल तर ठोकू नका. बहुधा कडेला जाडी वाढलेली असते, तेवढीच मागच्या बाजूने कानशीने घ्या. बटणं बसवून बॅटरी जोडा आणि प्रत्येक काच वर-खाली करून बघा. बटण दाबून सोडलं की लगेच उसळून वर यायला हवं. जरासंही घासत असेल तर पट्टी पुन्हा काढून भोकाची कड अर्धा मिलिमीटर मोकळी करा, कारण काच वर जात असताना अडकलेलं बटण मुलाच्या बोटांवर बेतू शकतं.