निकेल-कॅडमियम बॅटरीत पाणी कधी घालायचं?

गोव्यातला दाबोळी विमानतळ असो वा मोपा, पावसाळ्यात खारी, दमट हवा बॅटरी शॉपमध्ये, म्हणजे बॅटरीच्या देखभालीच्या कार्यशाळेत, शिरतेच. तरी विमानाची निकेल-कॅडमियम बॅटरी उघडल्यावर सेलच्या टोपणांभोवती पांढरी पूड दिसली, तर दोष समुद्राला देऊ नका. बहुधा ते पोटॅशियम कार्बोनेट असतं. नायलॉनच्या ब्रशने काढा. तारेचा ब्रश लागला तर सेल शॉर्ट होतील.

पाण्याची पातळी मात्र चार्जिंग संपत आल्यावर, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या वेळीच बघायची. डिस्चार्ज झालेल्या सेलमधलं द्रावण प्लेटांत शोषलं जातं आणि पातळी उगाच खाली दिसते. तेव्हा पाणी ओतलं, की पुढच्या चार्जिंगला ते टोपणातून उतू गेलंच म्हणून समजा. पाणी फक्त डिस्टिल्ड. कुठल्या सेलला किती मिली लागलं ते लिहून ठेवा. एकच सेल सारखा जास्त पाणी मागत असेल, तर संशय त्याच्यावरच घ्यावा.

लेड-ॲसिड बॅटरीसाठी वापरलेली सिरिंज, हत्यारं इथे आणूच नका, आम्लाचा अंशही या सेलना घातक असतो. द्रावणाची घनता मोजणारा हायड्रोमीटरही नको: चार्ज कमी-जास्त झाला तरी या द्रावणाची घनता जवळपास तीच राहते. आणि हो, गॉगल, हातमोजे घाला. अंगठी, कडं आधीच उतरवून ठेवा.