पायपर कबच्या पायातले रबरी दोर कसे बदलावेत

हँगरमध्ये उभं असलेलं कब विमान समोरून, थोडं लांबून बघा. जमीन सपाट आहे, दोन्ही टायरमध्ये हवा सारखी आहे, तरी एक पंख चार बोटं खाली झुकलेला दिसतो का? किंवा दोन्ही चाकं बाहेरच्या बाजूला फाकून विमान बसल्यासारखं वाटतं का? तसं असेल तर पायातले रबरी दोर थकलेत. ते बदलण्याचं काम एका शनिवारात होतं. विमानाच्या मालकाने निदान एकदा ते स्वतःच्या हाताने करावं, किंवा करणाऱ्याच्या शेजारी उभं राहून बघावं, असं मला मनापासून वाटतं. आपण कशावर उतरतो, हे तेव्हा खरं कळतं.

इथे मी पायपर जे-३ कब डोळ्यांसमोर ठेवतो आहे. मुख्यतः पेनसिल्वेनियातल्या लॉक हेवन गावात १९३८ ते १९४७ या काळात लष्करी एल-४ धरून अशी सुमारे २०,००० विमानं बनली. नंतरच्या सुपर कबची रचनाही याच घराण्यातली आहे. तुमचं विमान वेगळं असेल तर मांडणी थोडी वेगळी असेल, पण तत्त्व तेच.

दोर नेमकं काय करतो

कबचे दोन पाय फ्युजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, खालच्या कडेला बिजागरीसारखे जोडलेले असतात. पोटाखाली मध्यभागी एक छोटी व्ही आकाराची चौकट लोंबते. त्या चौकटीपासून प्रत्येक चाकाकडे एक तिरपा दांडा जातो. हा दांडा सलग नसतो. त्याचे दोन भाग दुर्बिणीच्या नळ्यांसारखे एकमेकांत सरकतात. विमान टेकलं की पाय बाहेर फाकतात, दांडा लांब होऊ पाहतो आणि त्याच्यावर चढवलेल्या रबरी रिंगा त्याला मागे खेचतात. सगळी उशी काय ती एवढीच. तेल नाही, हवा नाही, स्प्रिंग नाही.

या रिंगेला, म्हणजे आपल्या रबरी दोराला, बंजी किंवा शॉक कॉर्ड म्हणतात. आत रबराच्या बारीक धाग्यांची जुडी असते आणि तिच्यावर सुती धाग्याचं घट्ट विणलेलं आवरण. हे आवरण शोभेचं नाही. रबर किती ताणलं जावं याला तेच लगाम घालतं. आवरण फाटलं की आतलं रबर चांगलं दिसत असलं तरी रिंग बाद.

तेलाच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये आदळण्याची ऊर्जा तेलाच्या घर्षणात जिरते. रबर मात्र घेतलेलं बरंचसं परत करतं. थोडं रबरातल्या घर्षणात जातं, थोडं टायर जमिनीवर आडवे घासतात त्यात. म्हणून कब जोरात टेकवलं की उसळतं. ही त्याची जात आहे, दोष नाही. पण दोर म्हातारा झाला की उसळी कमी होते आणि पाय शेवटच्या मर्यादेपर्यंत फाकून दणका थेट नळ्यांच्या सांगाड्यात जातो. उसळी कमी झाली म्हणून आपलं लँडिंग सुधारलं, असं समजू नका.

वय कसं ओळखायचं

दोर लँडिंगच्या संख्येपेक्षा काळाने जास्त मरतो. ऊन, ओल, इंजिनमधून ओघळणारं तेल, सांडलेलं पेट्रोल हे सगळं रबराला खातं. वर्षभर न उडालेल्या विमानाचा दोरही त्या वर्षभरात म्हातारा होतच असतो. अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामक संस्थेचं एसी ४३.१३-१बी हे मार्गदर्शन सांगतं की दोराचं वय पाच वर्षांच्या आसपास किंवा जास्त असेल तर तो बदलणं बरं, आणि दोष दिसला तर वय न बघता बदलावा.

वय दोरावरच लिहिलेलं असतं, रंगात. आवरणाच्या विणीत रंगीत धागे फिरवलेले असतात. दोन धागे वर्षाचे, एक तिमाहीचा. वर्षाचे रंग काळा, हिरवा, लाल, निळा, पिवळा या क्रमाने येतात. २०२० काळा, २०२१ हिरवा, २०२२ लाल, २०२३ निळा, २०२४ पिवळा, की २०२५ ला पुन्हा काळा. तिमाहीचे रंग असे: जानेवारी ते मार्च लाल, एप्रिल ते जून निळा, जुलै ते सप्टेंबर हिरवा, ऑक्टोबर ते डिसेंबर पिवळा.

यात एक फट आहे. चक्र पाच वर्षांनी फिरतं, त्यामुळे पिवळे धागे २०२४ चे असतील तसे २०१९ चेही असू शकतात. नवी रिंग हातात आली की धागे बघा, पाकिटावरची तारीख बघा, दोन्ही जुळतात का ते बघा, आणि ती तारीख लॉगबुकमध्ये लिहा. जुन्या विमानाच्या लॉगबुकमध्ये 'शॉक कॉर्ड बदलले' एवढंच सापडतं तेव्हा मला फार वाईट वाटतं. बदलले खरे, पण ते दुकानाच्या फळीवर किती वर्षं पडून होते, हे कोण सांगणार?

म्यानाखालची तपासणीही करा. दोरावर चामड्याचं किंवा कापडाचं म्यान असतं, त्याची नाडी सोडली की दोर दिसतो. सुती वीण उसवलेली, एखाद्या जागी दोर बारीक झालेला, दांड्याच्या ज्या पिनांवर अडकवलेला असतो तिथे घासलेला, यातलं एक जरी दिसलं तरी दोर बदलायला थांबायचं नाही.

हे काम कोणी करायचं

अमेरिकेत नोंदणी असलेल्या विमानाचा मालक-वैमानिक हे काम स्वतः करू शकतो. एफएएच्या देखभाल नियमांतल्या पार्ट ४३ च्या परिशिष्ट ए मधल्या प्रतिबंधक देखभालीच्या यादीत लँडिंग गिअरचे इलॅस्टिक दोर बदलणं स्पष्ट लिहिलेलं आहे. विमान व्यावसायिक हवाई वाहतुकीच्या कामात नसावं, एवढी अट आहे. भारतात नोंदणी असलेलं विमान असेल तर आधी परवानाधारक एएमईशी, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याशी, बोला आणि काम त्यांच्या देखरेखीखाली, त्यांच्या सहीने करा. कुठेही असलात तरी पहिल्यांदा करताना हे आधी केलेला माणूस शेजारी हवाच.

सामान

रिंगा त्या विमानाच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये दिलेल्या नंबरच्याच घ्या. १०८०एचडी आणि १२८०एचडी हे दोन नंबर पायपरच्या बाबतीत वारंवार कानावर येतील. दुसरी जाड आणि जास्त कडक. 'जाड घातली तर जास्त टिकेल' असा सल्ला हँगरमध्ये कोणीतरी देतोच. ऐकू नका. पाय कडक झाले की जो झटका रबराने घ्यायचा तो वेल्डिंगच्या जोडांनी घ्यावा लागतो. साधारणपणे प्रत्येक बाजूला दोन रिंगा लागतात. एकाच बाजूच्या बदलू नका, चारही बदला.

शिवाय नट सुटू नये म्हणून घालायच्या नव्या स्प्लिट पिना, गरज पडली तर नवे नट-बोल्ट, टॅल्कम पावडर, धारदार सुरी, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा, हातमोजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिंग ताणायचं खास हत्यार. स्क्रू फिरवून रिंग सावकाश ताणणारं हत्यार मिळतं. विकत घ्यायचं नसेल तर एखाद्या जुन्या मेकॅनिककडून मागून आणा. स्क्रू-ड्रायव्हर, पहार, नायलॉनचा पट्टा यांनी रिंग चढवणारे लोक मी बघितलेत. एकदा माझ्यासमोर अशी रिंग निसटली आणि पहार सहकाऱ्याच्या कानाजवळून जाऊन पत्र्याच्या भिंतीवर आदळली. त्या दिवसापासून हत्यार नसेल तर मी कामालाच हात लावत नाही.

विमान उचलणं

माझ्या मते या कामातला खरा धोका इथे आहे, दोरात नाही. कब हलकं आहे, भरलेलं असताना सुमारे ५५० किलो. हलकं म्हणूनच ते वाऱ्याने सरकतं. हँगरचे दरवाजे बंद करा. मॅग्नेटोचं (इंजिनला ठिणगी देणाऱ्या यंत्राचं) स्विच बंद, पेट्रोलचा कॉक बंद. जे-३ ची टाकी पुढे, पॅनेलच्या पलीकडे इंजिनच्या बाजूला असते. ती भरलेली असेल तर थोडं पेट्रोल काढून घ्या, पुढचा भार तेवढाच कमी होईल. शेपटीच्या चाकाला दोन्हीकडून ठोकळे लावा.

कुठून उचलायचं ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. इंजिनचा माउंट फ्युजलाजला जोडतो त्या भागाला रुंद पट्टा घालून चेन ब्लॉकने वर घेण्याची पद्धत आहे. पंख्याला (प्रोपेलरला), काउलिंगला (इंजिनवरच्या पत्र्याच्या आवरणाला), पंखाच्या आधाराच्या दांड्याच्या मधोमध किंवा कापडाखालच्या पातळ पट्ट्यांना कधीही आधार देऊ नका. चाकं जमिनीपासून हाताची रुंदीभर सुटली की पुरे. मग पायांच्या बिजागरीजवळच्या भक्कम जोडांखाली दोन्हीकडे लाकडी घोड्या सरकवा आणि विमानाचा भार त्यांच्यावरही टेकू द्या. फक्त साखळीवर लोंबणाऱ्या विमानाखाली हात घालायचा नाही.

जुने दोर काढणं

एका वेळी एकच बाजू. दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. रिंग कशी बसली होती, म्यानाची नाडी कुठून फिरली होती, हे विसरायला फार वेळ लागत नाही. फोटोही काढून ठेवा.

दोर सुटला की पाय मोकळा होतो आणि चाकाच्या वजनाने लोंबतो. आधीच तो दोरीने बांधून घ्या आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, ते बघा. ही नळी विसरली जाते आणि नंतर ब्रेक गळायला लागतो.

म्यान काढा. आता सुरीने आधी सुती आवरण कापा, मग आतले रबराचे धागे थोडे थोडे. प्रत्येक वेळी आवाज होतो आणि दोर उसळतो. तोंड दोराच्या रेषेत नको, बाजूला ठेवा, आणि सुरी स्वतःपासून दूर चालवा. दोर कापायचा म्हणजे तो परत वापरायचा मोहही राहत नाही.

उघडं पडलेलं बघून घ्या

ही संधी काही वर्षांनी एकदाच येते, म्हणून इथे घाई करू नका. दांडा सोडवून टेबलावर आणा. दोन्ही भाग हाताने सहज सरकतात का बघा. रिंग अडकवायच्या पिनांच्या मुळाशी वेल्डिंग असतं. ते घासून स्वच्छ करा आणि भिंगातून तडे शोधा. मधल्या व्हीच्या जोडांवर आणि तिच्या बोल्टवरही तेवढंच लक्ष द्या. बोल्टच्या दांड्यावर नखाला लागेल अशी पायरी पडली असेल तर बोल्ट बदला. पायाच्या नळीचं खालचं टोक हलकेच ठोकून बघा. पाणी तिथेच साठतं आणि गंज आतून लागतो. तडा किंवा गंजाने पातळ झालेली नळी सापडली तर मालकाचं काम इथे संपलं, पुढचं परवानाधारक मेकॅनिकचं.

नव्या रिंगा चढवणं

पिना गुळगुळीत करा. खरखरीत कड नव्या रिंगेचं आवरण पहिल्याच महिन्यात कापते. पिनांना आणि रिंगेला टॅल्कम पावडर लावा. ग्रीस किंवा तेल अजिबात नको, रबराला ते विष आहे.

रिंगेला पीळ नाही ना, ते धाग्यांच्या रेषेवरून दिसतं. आधी ती एका टोकाच्या पिनांवर पूर्ण आत बसवा. मग हत्याराने सावकाश ताणा, दर दोन-चार फेऱ्यांनी थांबून रिंग सरळ आहे का बघा, आणि दुसऱ्या टोकाच्या पिनांवर सरकवा. हत्यार सैल करण्याआधी रिंग पिनेच्या मुळापर्यंत गेली आहे याची बोटाने नव्हे, लाकडी पट्टीने खात्री करा. दुसरी रिंग पहिलीवर चढता कामा नये. दोन्ही शेजारी-शेजारी, समांतर. तुमच्या विमानावर दोर तुटल्यास पाय सावरणारी स्टीलची सेफ्टी केबल असेल तर ती रिंगेखाली दबलेली नाही ना, तेही बघा.

दांडा जागेवर लावा. जे जोड फिरतात तिथे खाचांचा नट आणि नवी स्प्लिट पिन. नुसता सेल्फ-लॉकिंग नट फिरणाऱ्या जोडावर चालत नाही. म्यान घालताना नाडी आवळून बांधा, पण खालून पाणी निथळायला वाट ठेवा. मग दुसरी बाजू.

खाली उतरवल्यावर

घोड्या काढून विमान सावकाश खाली घ्या. ते एकदम उंच, पाय आखडून उभं राहिलेलं दिसेल आणि पहिल्यांदा करणारा घाबरतो. घाबरू नका. टायर जमिनीला चिकटून राहतात, त्यामुळे पाय बाहेर फाकत नाहीत. दोघांनी मिळून विमान पाच-सहा मीटर पुढे-मागे ढकला, म्हणजे पाय आपल्या जागी येतात. मग दोन्ही पंखांच्या टोकांची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. ब्रेक दाबून बघा.

लॉगबुकात काय बदललं, रिंगेचा नंबर, तिच्या धाग्यांवरून दिसणारं वर्ष आणि तिमाही, कामाची तारीख, तुमची सही, परवान्याचा प्रकार आणि नंबर लिहा.

नव्या दोरांवर विमान जमिनीवर थोडं उंच बसतं, त्यामुळे नाकावरून दिसणारं क्षितिजही किंचित बदलतं. पहिली दोन-तीन लँडिंग गवतावर, शांत वाऱ्यात करा. पाच-दहा तासांनी म्यान उघडून रिंगा पिनांवर तशाच बसल्या आहेत का, ते एकदा बघून घ्या.