‘राज्याला रेड अलर्ट’ एवढ्यावर पेरणी-फवारणी ठरवू नका

पावसाळा तोंडावर आला की ‘मान्सून धडकला’, ‘ढगफुटीचा इशारा’ असे मथळे मोबाइलवर येऊन पडू लागतात. मूळ माहिती बहुधा हवामान विभागाच्या पत्रकातलीच असते. मथळा करताना मात्र त्यातले कामाचे दोन शब्द गळतात: कुठे आणि किती.

पत्रकात ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असते. तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के. बातमीतून ‘तुरळक’ गेला की चारातल्या एका गावाचा पाऊस सगळ्यांच्या शिवारात पडतो, तोही फक्त बातमीत! मुसळधार म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी, अति मुसळधार २०४.४ मिमीपर्यंत. ढगफुटी म्हणजे छोट्या क्षेत्रावर तासाभरात सुमारे १०० मिमी. रात्रभरात तेवढा पडला तर बांध फुटतील, पण ती ढगफुटी नव्हे.

रंगांचेही तेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. इशारा कोणत्या जिल्ह्याला, कोणत्या दिवसासाठी आणि फक्त घाटमाथ्यापुरता आहे का, हे बघा. जुने पत्रक आणि मागच्या वर्षीचे पुराचे व्हिडिओही फिरत असतात, म्हणून तारीख आधी वाचा. पाच दिवसांपुढचा अंदाज दिशा कळण्यापुरताच घ्या. ‘अमुक तारखेला तुमच्या तालुक्यात पाऊस’ असे तीन आठवडे आधी कोणी सांगत असेल, तर त्यावर बियाणे मातीत घालू नका.

खरा फटका पेरणीला बसतो. मान्सून केरळात साधारण १ जूनला येतो. त्यावरून तुमच्या वावरातली ओल कळत नाही. कोरडवाहू सोयाबीन, कापसासाठी ७५ ते १०० मिमी पाऊस होऊ द्या, आणि तो स्वतः मोजा. तळ आणि तोंड सारखेच रुंद असलेला, सरळ बाजूंचा डबा झाडा-छपरापासून दूर, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी सरळ तळापर्यंत बुडवा. एक सेंटीमीटर पाणी म्हणजे १० मिमी. वर रुंद, खाली निमुळती बादली ठेवू नका, ती पाऊस जास्त दाखवते. उतारावर एकाच सरीत ८० मिमी झाला तर बरेच पाणी वाहून जाते, म्हणून वीतभर खणून माती मुठीत दाबा. खालच्या मातीचा गोळा होत नसेल, तर थांबा. वरच्या ओलीवर उगवलेले रोप पुढच्या उघडिपीत माना टाकते आणि दुबार पेरणी गळ्यात पडते.

मथळे फुगवलेले असतात म्हणून इशारेच सोडून देणे त्याहून घातक. कापलेला माल झाकायला एक ताडपत्री आणि अर्धा तास लागतो, तेव्हा पिवळ्या इशाऱ्यावरही झाका. फवारणी किंवा युरिया देण्याआधी जिल्ह्याचा पुढच्या २४ तासांचा अंदाज बघा. विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप ठेवा. गडगडाट ऐकू आला की बातमीची वाट न बघता झाडाखालून निघून पक्क्या घरात जा. पीकनिहाय सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान पत्रकात असतो, ‘मेघदूत’ अ‍ॅपवर तो मराठीत वाचता येतो.