ऑफर लेटर आलं? पैसे भरायच्या आधी हे करा

महाविद्यालयाच्या प्लेसमेंट कक्षात मी काम करते. शेवटचं सत्र सुरू झालं की मुलं मोबाइल पुढे करतच टेबलाशी येतात. "मॅडम, हे खरं आहे का, बघा ना." विचारायला येणाऱ्यांची मला काळजी वाटत नाही. पैसे भरून झाल्यावर जी येतात, त्यांची वाटते. हे लिहितेय ते त्यांच्यासाठी.

मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी धावत आली. ईमेलवर ऑफर लेटर आलं होतं. लेटरहेड, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. मुलाखत टेलिग्रामवर झाली होती, नुसतं टाइप करून, पाऊण तासात. कंपनी लॅपटॉप कुरिअरने पाठवणार होती. त्याचं डिपॉझिट तेवढं तिने भरायचं, पहिल्या पगारात ते परत मिळणार. मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत. घड्याळात पावणेपाच झाले होते. तिने चौकशी केली नव्हती असंही नाही. पत्रावरच्या नंबरवर फोन लावला होता. एका बाईंनी कंपनीचं नाव घेऊन नमस्कार केला आणि "हो, यादीत तुमचं नाव आहे" असं सांगितलं. पण तो नंबर पत्र पाठवणाऱ्यांनीच छापलेला होता, मग दुसरं उत्तर येणार कुठून?

म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते. नोकरी ज्या वाटेने आली, त्या वाटेने खातरजमा करू नका. पत्रातला नंबर, मेसेजमधली लिंक, त्यांनी दिलेला 'एचआर'चा संपर्क, सगळं बाजूला ठेवा. कंपनीचं संकेतस्थळ स्वतः शोधा, तिथला नंबर घ्या आणि विचारा, "या पदासाठी तुमची भरती सुरू आहे का? हे पत्र तुमचंच आहे का?" आम्ही तेच केलं. त्या पदाची भरतीच नव्हती. आम्ही फोनवर बोलत असताना तिच्या मोबाइलवर "सीट दुसऱ्याला देऊ का?" असे मेसेज येतच होते.

मग आम्ही ते ईमेल नीट उघडून पाहिलं. वर कंपनीचं नाव दिसत होतं, पण ते नाव पाठवणारा हवं ते लिहू शकतो. नावावर टिचकी मारली की पूर्ण पत्ता उघडतो, त्यातला '@'च्या पुढचा भाग पाहा. समजा, कंपनीचं संकेतस्थळ 'अबक डॉट कॉम' आहे. 'करिअर्स डॉट अबक डॉट कॉम' हा पत्ता तिचाच. 'अबक-करिअर्स डॉट कॉम' मात्र पूर्ण वेगळा पत्ता, तो कुणीही विकत घेऊ शकतं. 'अबक डॉट कॉम डॉट जॉब्स-अर्ज डॉट इन्फो' यात मालक शेवटी बसलाय, 'जॉब्स-अर्ज डॉट इन्फो'. पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावून घ्या. इंटरनेटवरच्या पत्त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअप पानावर हा पत्ता टाकला की तो कधी नोंदवला तेही कळतं. तिच्या पत्रातला पत्ता अवघ्या ११ दिवसांपूर्वी नोंदवलेला निघाला. कंपनी म्हणे वीस वर्षं जुनी! पत्ता बरोबर दिसला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका, पाठवणाऱ्याचा पत्ता खोटाही दाखवता येतो. 'रिप्लाय' दाबून पाहा. उत्तर भलत्याच पत्त्यावर जात असेल तर तिथेच थांबा.

पैशांच्या बाबतीत मी जराही ढील देत नाही. नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश, कागदपत्रांची पडताळणी, नाव काहीही असो. नोकरी देणारा पैसे मागत असेल तर नाही म्हणा. 'परत मिळतील' म्हणाला तरीही.

व्हिडिओ लाइक करा, हॉटेलांना रेटिंग द्या, रोज कमवा, ही कामंही त्यातलीच. सुरुवातीला थोडे पैसे खरंच खात्यात येतात, त्यानेच विश्वास बसतो. मग पुढची कामं 'उघडण्यासाठी' आधी रक्कम भरायला सांगतात. ॲपवर वाढत जाणारी शिल्लक म्हणजे त्यांनी पडद्यावर लिहिलेला आकडा, तो काढता येत नाही. काढायला गेलात की 'कर' भरायला लावतात.

एका प्रकाराबद्दल मात्र जास्तच पोटतिडकीने सांगते, कारण त्यात पैसे जात नाहीत, येतात. 'तुमच्या खात्यात रक्कम येईल, कमिशन ठेवा, बाकीची पुढे पाठवा.' हे पैसे बहुधा दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीतले असतात. तुमचं खातं गोठवलं जातं आणि चौकशी तुमच्याकडे येते, कारण माग काढत पोचल्यावर सापडतं ते तुमचं नाव. चेक पाठवून 'जास्तीची रक्कम परत करा' म्हणणारेही असतात. बँकेने रक्कम खात्यात दाखवली म्हणजे चेक वटलाच असं नाही. तो नंतर परत येतो आणि तुम्ही पाठवलेली रक्कम तुमच्याच अंगावर पडते.

त्या मुलीचं डिपॉझिट वाचलं, पण ओळखपत्राचा फोटो आणि बँकेचं स्टेटमेंट तिने आधीच पाठवलं होतं. तसं झालं असेल तर बँकेला कळवा, पासवर्ड बदला, आपल्या नावावर कर्ज निघालंय का याकडे पुढचे काही महिने लक्ष ठेवा. मुलाखतीसाठी म्हणून स्क्रीन दुसऱ्याच्या हाती देणारं ॲप घ्यायला लावलं असेल तर आधी इंटरनेट बंद करा, मग ते ॲप काढून टाका.

आणि पैसे गेलेच असतील तर पहिला फोन बँकेला, मग सायबर पोलिसांकडे तक्रार. रक्कम पुढे सरकायच्या आत कळवलं तर ती अडवली जाण्याची शक्यता असते. स्क्रीनशॉट लगेच काढा. टेलिग्रामवर समोरचा माणूस तुमच्या बाजूचे मेसेजही पुसू शकतो. 'गेलेले पैसे मिळवून देतो, फक्त फी भरा' म्हणत कुणी आलं तर तीही फसवणूकच समजा.

एक मुलगा लाजेपोटी चार दिवस कुणाशी बोलला नाही. घरी कळलं तर काय, हीच भीती. त्या चार दिवसांत पैसे कुठल्या कुठे गेले. माझ्याकडे आलात तर मी रागावणार नाही, "कसं कळलं नाही तुला?" असंही विचारणार नाही. खुर्ची ओढा, मोबाइल द्या, आधी बँकेला फोन लावू.