झिंक ऑक्साइड फिल्मवरचे धूमकेतू आणि तडे कसे घालवले – माझा अनुभव

रेसिपी नेहमीचीच, झिंक ॲसिटेट डायहायड्रेट, २-मेथॉक्सीइथेनॉल आणि मोनोइथेनॉलअमाइन, यांचं द्रावण (सोल) काचेवर टाकून काच ३००० आरपीएमला ३० सेकंद फिरवायची, म्हणजे स्पिन कोटिंग. पण फिल्मवर मधून बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या शेपट्या दिसायच्या, धूमकेतूसारख्या, आणि भट्टीतून काढल्यावर बारीक तडे.

शेपटी जिथे सुरू होते त्या आतल्या टोकाला मायक्रोस्कोपखाली बघा, बहुतेक वेळा कण सापडतोच. तो सोलमधला असतो नाहीतर काचेवरचा, त्यामुळे दोन्हीकडे हात घातला, सोल ०.२२ मायक्रॉनच्या पीटीएफई (टेफ्लॉन) सिरिंज फिल्टरमधून थेट काचेवर सोडला आणि काच ॲसिटोन, मग आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) सोनिकेट करून, म्हणजे अल्ट्रासाउंडने धुऊन, नायट्रोजनने वाळवली. शेपट्या गेल्या.

तड्यांचं प्रकरण वेगळं. फिल्म वाळताना आणि तापताना आकसायला बघते पण काच तिला धरून ठेवते, म्हणून ताण येतो आणि थर जाड असला की तो फुटतो. मी सोलची तीव्रता ०.७५ मोलरवरून ०.४ वर आणली, पातळ थर एकावर एक दिले, प्रत्येक थर ३०० डिग्रीला १० मिनिटं, पुढचा थर काच पूर्ण गार झाल्यावरच, आणि शेवटी ४५० पर्यंत मिनिटाला २ डिग्रीने सावकाश. घाईने तापवलं तर झिंक ऑक्साइडवर सुरकुत्यासुद्धा येतात, हे फार कोणी सांगत नाही!

आणि प्लीज, हे सगळं फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणारं लॅबमधलं कपाट) करा, २-मेथॉक्सीइथेनॉल प्रजननक्षमतेला घातक आहे आणि कातडीतूनही शरीरात जातं.