आधी वाचन, मग व्हॉट्सॲप आणि फेसबुक

सदाशिव पेठेतल्या काकू असोत नाहीतर हिंजवडीत मुलाकडे राहायला आलेले आजोबा, स्मार्टफोन शिकणाऱ्या नवशिक्यांची भीती एकच असते: चुकून बोट लागलं आणि कुठे काही गेलं तर? म्हणून शिकवायला फेसबुकपासून सुरुवात करू नका. तिथे बोट लागलं की खरोखरच काहीतरी जातं. ब्लॉग वाचायच्या ॲपपासून सुरुवात करा. त्यात काहीही दाबलं तरी चारचौघांना पत्ता लागत नाही आणि बोटाला आयती सवय होते.

या ॲपला फीड रीडर म्हणतात. दुधाचा रतीब लावावा तसा आवडत्या ब्लॉगचा रतीब लावायचा. नवा लेख आला की तो यादीत येऊन बसतो. ही सोय, म्हणजे आरएसएस, 1999 पासूनची आहे. 1 जुलै 2013 रोजी गूगल रीडर हे गूगलचं फीड रीडर बंद झालं तेव्हा पुष्कळांना वाटलं की प्रकरण संपलं. तसं काही झालेलं नाही.

अँड्रॉइडवर फीडर नावाचं मोफत ॲप घ्या. खातं उघडावं लागत नाही, त्यामुळे पासवर्ड विसरायचा प्रश्नच मिटतो. प्ले स्टोअरवर याच नावाचं दुसरंही ॲप आहे. उघडल्या उघडल्या ईमेल मागितला तर चुकीचं उतरवलं असं समजा. आयफोनवर नेटन्यूजवायर घ्या, तेही फुकट आहे.

आता रतीब लावू. क्रोममध्ये ब्लॉग उघडा, वरच्या पत्त्यावर बोट टेकवून तो कॉपी करा. फीडर उघडून कोपऱ्यातल्या तीन टिंबांमधून ‘ॲड फीड’ निवडा, रिकाम्या चौकटीत बोट दाबून धरा, ‘पेस्ट’ आलं की ते दाबा आणि शोधा.

नवशिका अडतो तो या ‘दाबून धरा’पाशी. एक तर बोट लगेच उचललं जातं, नाहीतर काच फुटेल इतक्या जोराने दाबलं जातं. इथे जोर वाढवायचा नसतो, वेळ वाढवायचा असतो. मनातल्या मनात ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत बोट हलू द्यायचं नाही. म्हाताऱ्या माणसांची बोटं कोरडी असतात, त्यामुळे स्क्रीन कधीकधी दादच देत नाही. बोट जरा ओलसर फडक्याला टेकवून पाहा. नख लावून उपयोग नाही. एवढं जमेपर्यंत पुढे जाऊच नका, यातच एक अख्खी दुपार गेली तरी चालेल.

शोधल्यावर कधी दोन फीड, म्हणजे रतीब लावायच्या दोन याद्या, दिसतात. ज्याच्या नावात ‘कॉमेंट्स’ आहे ते सोडून द्या, नाहीतर लेखांऐवजी ‘छान लिहिलंय’ एवढंच वाचत बसाल. काहीच सापडलं नाही तर पत्ता हाताने पुरा करा: वर्डप्रेसच्या ब्लॉगला शेवटी तिरकी रेघ देऊन ‘फीड’ जोडायचं, ब्लॉगस्पॉटला ‘फीड्स’, ‘पोस्ट्स’, ‘डिफॉल्ट’ हे तीन शब्द, प्रत्येकाआधी तिरकी रेघ. अक्षरं अर्थातच इंग्रजी, छोटी, मध्ये जागा न सोडता.

लेखाच्या चारच ओळी दिसल्या तर ॲप बिघडलेलं नाही. ब्लॉगवाल्यानेच तेवढं दिलेलं असतं. बाकीचा लेख ब्राउझरमध्ये उघडा. आणि कितीतरी मराठी ब्लॉग केव्हाच थांबलेत, तेव्हा रतीब लावण्याआधी शेवटच्या लेखाची तारीख बघा. सुरुवातीला पाचच ब्लॉग ठेवा. न वाचलेल्यांचा आकडा शंभरावर गेला की माणूस ॲप उघडेनासा होतो.

आठवडाभराने व्हॉट्सॲपकडे वळा. पहिलं काम अक्षरं मोठी करण्याचं: अँड्रॉइडवर सेटिंग्ज, चॅट्स, फॉन्ट साइझ. मग स्टोरेज अँड डेटामध्ये जाऊन मोबाइल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, म्हणजे गुड मॉर्निंगच्या गुलाबांनी फोन भरणार नाही. प्रायव्हसीत ग्रुप्सपुढे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेवा. शेअर बाजाराच्या भलत्या ग्रुपात कुणीही ओढून नेतं ते थांबतं. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे खात्याच्या दुसऱ्या कुलपाचा, सहा आकडी पिन लावताना ईमेलही द्याच. पिन विसरला आणि ईमेल दिलेला नसला तर नवा पिन घ्यायला सात दिवस थांबावं लागतं. एसएमएसने आलेला कोड मात्र कुणी मागितला, अगदी भाचा म्हणून मागितला, तरी द्यायचा नाही. पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

फेसबुक सर्वांत शेवटी. पोस्ट करण्याआधी नावाखालचं चिन्ह वाचायला शिकवा: पृथ्वीचा गोळा असेल तर सगळं जग बघणार, दोन माणसं असतील तर फक्त मित्र. ओळखीच्यांचंच वाचायचं असेल तर मेन्यूमधल्या ‘फीड्स’मध्ये ‘फ्रेंड्स’ निवडा.

फॉरवर्डची परीक्षा घरच्याच उदाहरणाने घ्या. ‘येत्या गुरुवारी संपूर्ण पुण्यात पाणी बंद.’ आपल्याकडे दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारीच निघतात, त्यामुळे तारीख नसलेला हा मेसेज दर आठवड्याला ताजाच वाटतो. वर दोन बाणांची खूण असेल तर तो निदान पाच हातांतून फिरून आलाय. महापालिकेच्या संकेतस्थळावर किंवा त्या दिवशीच्या पेपरात तारखेसकट बातमी, पेठेचं नाव सापडलं तरच पुढे पाठवायचा. नाही सापडलं तर पाठवायचा नाही; दोन बादल्या भरून ठेवाव्याशा वाटल्या तर खुशाल भराव्यात.